नसेच्या वर साडेआठ मिलिमीटर हाड: ग्राफ्ट करायचा की शॉर्ट इम्प्लांट टाकायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई ६१ वर्षांच्या, राहायला नागपुरातच. खालच्या उजव्या बाजूच्या दोन मोठ्या दाढा आठ-नऊ वर्षांपूर्वी काढल्या. मधुमेह आहे, शेवटचा एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ७.४. सीबीसीटी स्कॅनमध्ये (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) तिथे खालच्या ओठाला संवेदना देणाऱ्या, जबड्यातून जाणाऱ्या नसेच्या वर ८.५ मिमी हाड आहे आणि रुंदी ७.५ मिमी. एक डॉक्टर म्हणतात, आधी बोन ग्राफ्ट करून, म्हणजे हाड भरून उंची वाढवू, सहा-आठ महिने थांबू, मग १० मिमीचे इम्प्लांट, म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसवायचे टायटॅनियमचे स्क्रू. दुसरे म्हणतात, ग्राफ्टची गरज नाही, ६ मिमीचे दोन शॉर्ट इम्प्लांट टाकू आणि तीन महिन्यांनी कॅप बसवू. वरच्या डाव्या बाजूलाही एक दाढ नाही, तिथे सायनसखाली, म्हणजे गालामागच्या हवेच्या पोकळीखाली, जेमतेम ४ मिमी हाड उरलंय. आणि तुमचा खरा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे: एवढ्याशा स्क्रूवर दाढ टिकते का, की हे आपलं झटपट उरकायचं काम?

आधी माझं मत सांगून टाकतो. खाली, तुम्ही दिलेल्या आकड्यांवर, मी दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूने आहे, काही अटींसह. वर मात्र शॉर्ट इम्प्लांट मी टाकणार नाही. मी आईंचं तोंड पाहिलेलं नाही, स्कॅनही पाहिलेला नाही, त्यामुळे हे मत त्या आकड्यांपुरतंच धरा. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात. ज्यांचा हात ग्राफ्टवर बसलाय ते ग्राफ्ट सुचवतात, ज्यांनी शॉर्ट इम्प्लांट बरेच टाकलेत आणि पुढे वर्षानुवर्षं पाहिलेत ते शॉर्ट सुचवतात. आमच्या धंद्यात हे चालतं आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

लांबीबद्दल सगळ्यांचाच समज असा की जितका लांब तितका पक्का. बैल बांधायचा खुंटा जितका खोल रोवू तितका घट्ट, हे आपण पाहिलेलं असतं. पण खुंटा मातीत नुसता अडकलेला असतो, मातीशी जुळलेला नसतो. ओढ बसली की तो पूर्ण लांबीभर हलतो, म्हणून त्याला खोली लागते. टायटॅनियमच्या इम्प्लांटचं तसं नाही. हाडाच्या पेशी त्याच्या पृष्ठभागाला थेट चिकटून वाढतात. एकदा हे जुळणं पूर्ण झालं की चावण्याचा ताण मुख्यतः वरच्या काही मिलिमीटरमध्ये, म्हणजे इम्प्लांटच्या गळ्याशी हाडावर येतो. खालच्या टोकापर्यंत त्यातलं फार थोडं पोहोचतं. म्हणून ६ वरून १० मिमीवर गेल्याने ताण फारसा कमी होत नाही. जाडी ४ वरून ४.८ मिमी केली तर फरक जास्त पडतो. लांबीचा उपयोग मुख्यतः सुरुवातीच्या आठवड्यांत असतो, हाड जुळेपर्यंत इम्प्लांट जागेवर घट्ट राहावा म्हणून. आईंच्या बाबतीत खालच्या जबड्याचं हाड बहुधा टणक निघेल, त्यामुळे तो घट्टपणा ६ मिमीतही मिळतो.

मग शॉर्ट इम्प्लांटची इतकी बदनामी का? ती उगाच झालेली नाही. आधुनिक इम्प्लांटचे जनक ब्रोनेमार्क यांनी स्वीडनमधल्या गोथेनबर्गला १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले, तेव्हापासून पुढची दोन-तीन दशकं इम्प्लांटचा पृष्ठभाग गुळगुळीत असायचा. त्या काळातले ७ मिमीचे इम्प्लांट खरोखरच जास्त पडायचे, विशेषतः वरच्या मागच्या भुसभुशीत हाडात. नव्वदच्या दशकाच्या शेवटी वाळूचा मारा आणि आम्ल वापरून खरखरीत केलेले पृष्ठभाग आले आणि हाड जुळण्याचा वेग, पकड दोन्ही सुधारले. त्या आधी शिकलेल्या डॉक्टरांच्या मनात जुने आकडे बसलेत. मीही १० मिमीपेक्षा कमी टाकायचं नाही असंच शिकलो होतो.

आजचे आकडे काय सांगतात ते बघू. आयटीआय या इम्प्लांट क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०१८ मध्ये ॲमस्टरडॅमला तज्ज्ञ परिषद झाली. तिथे ६ मिमी किंवा त्याहून लहान आणि त्यापेक्षा लांब अशा इम्प्लांटची तुलना झालेले अभ्यास एकत्र पाहिले गेले. लहान इम्प्लांट टिकण्याचं सरासरी प्रमाण ९६ टक्के, लांबांचं ९८. दोन टक्क्यांचा हा फरक वाचून लोक थांबतात, पण माझ्या मते महत्त्वाचा आकडा दुसरा आहे. वेगवेगळ्या अभ्यासांत लांब इम्प्लांटचं यश ९५ ते १०० टक्क्यांच्या दरम्यान होतं, तर लहानांचं साधारण ८७ ते १०० च्या दरम्यान. म्हणजे लहान इम्प्लांट चांगल्या हातांत, चांगल्या जागी लांबाइतकाच टिकतो. जागा किंवा हात चुकला तर लांबापेक्षा जास्त आपटी खातो. परिषदेचा निष्कर्षही त्याच दिशेचा होता: ग्राफ्टचा त्रास टाळायला पर्याय म्हणून योग्य, पण निकालात चढउतार जास्त. आणखी एक, हे आकडे बरेचसे पहिल्या पाच वर्षांपर्यंतचे आहेत. म्हणून माझ्यासमोर तीस वर्षांचा माणूस याच आकड्यांसह बसला असता तर मी जास्त वेळ विचार केला असता. त्याला तो इम्प्लांट चाळीस वर्षं वापरायचा आहे.

आता दुसऱ्या पारड्यातलं बघा. खालच्या मागच्या जबड्यात हाडाची उंची वाढवणं हे ग्राफ्टच्या कामांतलं सगळ्यात अवघड काम. रुंदी वाढवणं तुलनेने सोपं, कारण ग्राफ्टला तीन बाजूंनी आधार मिळतो. उंचीसाठी मात्र हाड अक्षरशः हवेत उभं करायचं आणि त्यावर हिरडी ताणून शिवायची. टाके उसवले, ग्राफ्ट उघडा पडला, जंतुसंसर्ग झाला की महिन्यांची मेहनत वाया. जबड्याच्या मागच्या भागातून किंवा हनुवटीतून हाड घ्यायचं तर दुसरी जखम. ओठ बधिर होण्याचा धोका इथेही आहेच. इटलीत नेमक्या अशाच रुग्णांवर तुलना झाली, एका गटात शॉर्ट इम्प्लांट, दुसऱ्यात उंची वाढवून लांब इम्प्लांट. त्यात ग्राफ्टच्या गटात गुंतागुंत स्पष्टपणे जास्त दिसली. आईंचं वय आणि साखर लक्षात घेता हा धोका कशासाठी पत्करायचा, हा माझा पहिला प्रश्न असेल. नसच बाजूला सरकवून लांब इम्प्लांट टाकायचीही एक शस्त्रक्रिया आहे. तिच्याबद्दल कोणी विचारलं तर मी एवढंच म्हणतो, खालचा ओठ कायमचा बधिर झालेला रुग्ण एकदा भेटा.

पण शॉर्ट इम्प्लांट सोपा असतो असं समजू नका. यात शस्त्रक्रिया कमी होते, चुकीला जागाही कमी उरते.

हिशोब करून दाखवतो. ८.५ मिमी हाड. नसेपासून २ मिमी अंतर राखायचंच, ते सोडून उरले ६.५. इम्प्लांट ६ चा. म्हणजे हातात अर्धा मिलिमीटर. आता ड्रिलवर ६ मिमीची खूण असते, पण बहुतेक ड्रिलचं टोक निमुळतं असतं आणि ते खुणेच्या पुढे थोडं जातं, कंपनीप्रमाणे कमीजास्त. तो हाती असलेला अर्धा मिलिमीटर तिथेच संपतो. म्हणून अशा जागी मी ड्रिलला स्टॉपर लावतो आणि स्कॅनवर मोजल्याशिवाय हात लावत नाही. नुसत्या ओपीजीवर, म्हणजे पूर्ण जबड्याच्या सपाट एक्स-रेवर, हे काम करू नये. ओपीजीत चित्र मोठं दिसतं, आणि मशीन व डोकं ठेवण्याची पद्धत यानुसार ते किती मोठं हे बदलत जातं. तुमच्याकडे सीबीसीटी आहे, ही चांगली गोष्ट.

दुसरी परीक्षा कॅपची. हाड झिजून खाली गेलंय, म्हणजे कॅपला जास्त उंची भरून काढावी लागणार. समजा ११-१२ मिमीची कॅप, खाली ६ मिमीचा इम्प्लांट. नैसर्गिक दाताच्या नियमाने हे बघवणार नाही, पण इम्प्लांटच्या बाबतीत दुपटीपर्यंतचं प्रमाण चालतं असा अनुभव आणि अभ्यास दोन्ही सांगतात. सरळ खाली येणारा दाब इम्प्लांट निमूट सहन करतो. त्रास देतो तो बाजूने येणारा. उंच कॅपवर आडवा जोर आला की तरफ तयार होते, मग स्क्रू सैल होतो, कॅपचा टवका उडतो, कधी गळ्याशी हाड जातं. त्यामुळे कॅप करताना दाढेचे कंगोरे बोथट ठेवायचे, चावायचा पृष्ठभाग थोडा अरुंद ठेवायचा, जबडा आडवा सरकताना त्या दाढेवर काहीही घासू द्यायचं नाही. दोन इम्प्लांट शेजारी असतील तर मी दोन्ही कॅप जोडून करतो, म्हणजे भार वाटला जातो. दोन दाढांसाठी एकच शॉर्ट इम्प्लांट टाकून दुसरी दाढ अधांतरी लटकवायचा सल्ला कोणी दिला तर नम्रपणे उठून या. कॅप स्क्रूने बसवणारी असावी, सिमेंटने नको. स्क्रू सैल झाला तर पाच मिनिटांत काढून घट्ट करता येतो, आणि हिरडीखाली सिमेंटचा कण राहून सूज येण्याचा प्रश्नच उरत नाही.

इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. खालच्या दाढा आठ-नऊ वर्षं नाहीत, तर समोरच्या वरच्या दाढा खाली उतरल्या असण्याची दाट शक्यता आहे. त्या उतरल्या असतील तर कॅपला जागा कमी पडेल आणि आधी वरच्या दाढा घासून किंवा रूट कॅनल करून कमी कराव्या लागतील. हा खर्च कोटेशनमध्ये धरलाय का ते विचारा. नंतर कळलं की चिडचिड होते.

तिसरी आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी अट स्वच्छतेची. मी हिरड्यांचा डॉक्टर, त्यामुळे माझा कल इकडे असणारच. इम्प्लांटभोवती पुढच्या वर्षांत संसर्गाने २ मिमी हाड गेलं असं धरा. १२ मिमीच्या इम्प्लांटचा तो सहावा भाग झाला, तो पुढेही चालतो. ६ मिमीच्या इम्प्लांटचा तिसरा भाग गेला. लहान इम्प्लांटला म्हातारपणासाठी साठवलेलं काही नसतं. मधुमेह असेल तर हिरडीची सूज लवकर चढते, उशिरा उतरते. एचबीएवनसी ७.४ वर मी काम नाकारणार नाही, पण फिजिशियनना विचारून ७ च्या आसपास आणायचा प्रयत्न करीन. मग दर चार-सहा महिन्यांनी तपासणी, वर्षातून एकदा एक्स-रे, आणि रोज रात्री दोन दातांमधल्या छोट्या ब्रशने जोडलेल्या कॅपखालून सफाई. आईंची नजर आणि बोटं हे करू शकतात का, त्यांना याचा कंटाळा आहे का, हे तुम्ही घरात जास्त ओळखता. कॅपखाली ब्रश जाईल एवढी जागा ठेवा, असं डॉक्टरांना आधीच सांगा.

साखरेबरोबर आणखी दोन गोष्टी न लपवता सांगायच्या. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी चालू आहे का, किंवा वर्षातून एकदा झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन घेतलंय का? साठीच्या बायकांमध्ये हे सर्रास असतं आणि 'ती तर कॅल्शियमची गोळी' म्हणून सांगायचं राहून जातं. या औषधांमुळे जबड्याचं हाड भरून यायला अडचण येऊ शकते. आपल्या मनाने बंद मात्र करू नका, ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच ठरतं. दुसरी गोष्ट खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. आई खात नाहीत असं तुम्ही लिहिलंय, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो, कारण नागपुरात हा विषय टाळून इम्प्लांटवर बोलणं खोटं ठरेल. सुपारीमुळे गालाची आतली त्वचा कडक होत जाते आणि तोंड उघडणं कमी होतं. मागच्या दाढेच्या जागी हँडपीस आणि ड्रिल मिळून उभं राहायलाच जागा नसते. अशा वेळी लहान ड्रिल लागतं म्हणून शॉर्ट इम्प्लांट सोयीचा वाटतो, आणि काही जण ते कारण देऊन खर्रा चालू असलेल्या माणसाला इम्प्लांट टाकतात. मी टाकत नाही. आधी खर्रा बंद, तोंडातले पांढरे-लाल चट्टे तपासून घेणं, मग दाढेचं बघू.

आता वरची बाजू. "खाली ८ मिमीत चालतं तर वर ४ मिमीत थोडा आणखी लहान टाका ना," असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. ४ मिमीचे इम्प्लांट बाजारात आहेतही. पण वरच्या मागच्या जबड्याचं हाड मऊ, जाळीदार असतं. सुरुवातीचा घट्टपणा मिळवणं हीच तिथे मारामार. दाढ काढल्यावर खालून हाड झिजतं आणि वरून सायनस खाली उतरत येतो. दोन्ही बाजूंनी जागा जाते. एकट्या दाढेला तिथे ४ मिमी मऊ हाडावर उभं करायला मी तयार नाही.

वरच्या बाजूला ग्राफ्टचं गणितही उलट आहे. सायनस लिफ्टमध्ये ग्राफ्ट बंद पोकळीत बसतो, चारही बाजूंनी हाडाचा किंवा पडद्याचा आधार असतो, हिरडी ताणावी लागत नाही. बॉइन आणि जेम्स यांनी १९८० मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हापासून ती भरपूर पारखली गेली आहे. सायनसचा पातळ पडदा फाटणं ही नेहमीची अडचण, चांगल्या हातांतही होते, आणि बहुतेक वेळा तिथल्या तिथे सावरता येते. म्हणून खाली ग्राफ्ट टाळा आणि वर करा, असं एकाच माणसाला सांगताना मला विसंगती वाटत नाही. हाड ६ मिमीच्या आसपास असतं तर वरही मी शॉर्ट इम्प्लांटचा विचार केला असता, किंवा इम्प्लांटच्याच छिद्रातून सायनस दोन-तीन मिलिमीटर उचलला असता. समर्स यांची १९९४ ची ती पद्धत बरीच सौम्य आहे. ४ मिमीला बाजूने खिडकी करून सायनस लिफ्ट, मग सहा महिने थांबून इम्प्लांट, हाच रस्ता. आईंना वारंवार सर्दी, गालात जडपणा असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून घ्या.

आणि वरची ती एक दाढ लावलीच पाहिजे का? हा प्रश्न कोणी विचारत नाही म्हणून मीच विचारतो. सगळ्या मोठ्या दाढा असल्याशिवाय जेवता येत नाही हा समज खरा नाही. नेदरलँड्समध्ये कायसर यांनी १९८१ मध्येच दाखवलं की पुढचे दात आणि लहान दाढा समोरासमोर नीट भेटत असतील तर बहुतेक माणसं व्यवस्थित जेवतात. आईंना ज्वारीची भाकरी डाव्या बाजूने चावता येते का? येत असेल तर खालची उजवी बाजू पूर्ण करा आणि वरचं वर्षभर तसंच राहू द्या. काढता-घालता येणारी कवळी हा पर्यायही आहे. मागे आधाराला दात नसल्याने ती खाली थोडी हलते, पण शस्त्रक्रिया नकोच असेल तर ती करून बघण्यात काही वाईट नाही.

तिसरं मत हवं असेल तर मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात जा. तिथे गर्दी असते, सकाळी लवकर गेलेलं बरं. स्कॅनचा छापील कागद पुरत नाही, पेनड्राइव्ह किंवा सीडीवरची मूळ फाइल घेऊन जा. कागदावर सेंटरवाल्याने एका ठिकाणी ओढलेली रेघ असते, फाइलमध्ये डॉक्टर स्वतः हव्या त्या जागी मोजू शकतात.

ठरवण्याआधी पहिल्या डॉक्टरांकडे मात्र पुन्हा एकदा जाऊन या, आणि एकच विचारा: तो ७.५ मिमी रुंदीचा आकडा हाडाच्या अगदी वरच्या कडेला मोजलाय की थोडा खाली? कारण दाढा काढून इतकी वर्षं झाल्यावर हाडाची वरची कड बऱ्याचदा सुरीच्या पात्यासारखी अरुंद झालेली असते. वर ३ मिमी आणि त्याखाली २ मिमी गेल्यावर ७.५ मिमी, असं असेल तर इम्प्लांट बसवायला आधी ती कड घासून सपाट करावी लागेल. मग ८.५ चे ६.५ उरतील, नसेचं अंतर सोडून साडेचार, आणि ६ मिमीचा इम्प्लांट तिथे बसणारच नाही. तसं निघालं तर ग्राफ्टचा सल्ला देणारे डॉक्टर बरोबर आहेत आणि खालच्या बाजूबद्दल मी वर लिहिलेलं मत मागे घेतो.